गाठीची सीमा कोठे?

मेंदूतील गाठीवर किरणोपचार करायचे तर आधी एक सीमारेषा आखावी लागते. रेषेच्या आत किरणांचा मारा, बाहेर शक्य तितके संरक्षण. रेषा आत सरकली तर गाठीच्या पेशी शिल्लक राहतात. बाहेर सरकली तर वाचा, स्मृती, हालचाल सांभाळणाऱ्या निरोगी भागाला इजा होते. त्यातही ग्लायोमा या प्रकारच्या गाठीला स्पष्ट कडाच नसते. तिच्या पेशी आजूबाजूला मुळांसारख्या शिरलेल्या असतात. मग ही रेषा आखायची कशी? या प्रश्नाचा इतिहास आपण पाहू.

साध्या क्ष-किरण चित्रात कवटीचे हाड दिसते, पण आतील मऊ मेंदूतून गाठ वेगळी ओळखता येत नाही. १९४८ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज मूर यांनी किरणोत्सर्गी आयोडीन जोडलेले एक रंगद्रव्य रुग्णांना दिले आणि ते गाठीत कोठे साठते हे कवटीबाहेरून शोधले. गाठ दिसत नसेल, तर गाठीत जाऊन बसणारा पदार्थ शोधावा, ही त्यामागची कल्पना.

पुढे बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये शस्त्रवैद्य विल्यम स्वीट आणि भौतिकशास्त्रज्ञ गॉर्डन ब्राउनेल यांनी पॉझिट्रॉन बाहेर टाकणारे अणू वापरले. त्यांचे काम १९५१ व १९५३ साली प्रसिद्ध झाले. पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन एकत्र आले की दोघेही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना निघतात. डोक्याच्या दोन बाजूंच्या शोधकांना एकाच क्षणी किरण मिळाले, तर त्यांचा उगम त्या दोहोंना जोडणाऱ्या रेषेवर असणार! आजच्या पेट चित्रणाचे मूळ हेच.

१९७१ साली लंडनमध्ये हाउन्सफिल्ड यांच्या सीटी यंत्राने आणि १९८० च्या दशकात एमआरआयने मेंदूचा आकार स्वच्छ दाखवला. तरी एक अडचण उरली. एमआरआयसाठी टोचलेले गॅडोलिनियम रक्त आणि मेंदू यांमधला अडसर जेथे मोडला आहे तेथेच झिरपते. अडसर शाबूत असलेला गाठीचा भाग त्यातून सुटू शकतो. उलट, पूर्वीच्या किरणोपचाराने झालेली जखमही गाठीसारखीच उजळते.

म्हणून पेशी काय खाते याकडे लक्ष गेले. फ्लोरीन-१८ जोडलेली ग्लुकोजसारखी साखर १९७६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रथम माणसाला टोचण्यात आली. १९८२ साली जोव्हानी दि किरो यांच्या गटाने दाखवले की ग्लायोमा जितका आक्रमक, तितकी तो ही साखर जास्त घेतो. पण मेंदू स्वतःच साखरेचा मोठा गिऱ्हाईक! शरीराच्या वजनाच्या केवळ २ टक्के असूनही तो विश्रांतीत सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. त्यामुळे सारे चित्रच उजळते आणि गाठीची कड हरवते.

मेंदूला फारसे नको, पण गाठीला हवे, असे काही पाहिजे होते. ते अमिनो आम्लांत सापडले. ती आत घेणारी वाहक प्रथिने गाठीच्या पेशींत अधिक असतात. कार्बन-११ जोडलेल्या मेथिओनिनचा अर्धायुकाल मात्र फक्त २० मिनिटे. तासाभरात आठवा हिस्साच उरतो. त्यासाठी सायक्लोट्रॉन रुग्णालयाजवळच लागतो. (भारतातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळला सुरू झाला.) १९९० च्या दशकाअखेर जर्मनीत तयार झालेल्या फ्लुरोएथिल टायरोसीनमध्ये फ्लोरीन-१८ असते, त्याचा अर्धायुकाल ११० मिनिटे असल्याने ते दूरच्या रुग्णालयातही पोचवता येते.

मग अशा चित्रावरून सीमा आखली तर रुग्ण अधिक जगतो का? २००५ साली जर्मनीतील ४४ रुग्णांच्या एका अभ्यासाने होकारार्थी आशा दाखवली. परंतु तेथेच २०१३ साली सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत, पुन्हा उद्भवलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून तुलना केली, तेव्हा पेट आणि एमआरआय या दोन्ही गटांत आयुर्मान जवळपास सारखेच निघाले.

म्हणजे श्रम वाया गेले काय? तसे नाही. जुनी जखम आणि परतलेली गाठ यांतील फरक ओळखण्यास हे चित्र आजही मदत करते. पण सीमा अधिक चांगली दिसणे आणि रोग आटोक्यात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी पहिलीवरून गृहीत धरता येत नाही. वर्गात हा इतिहास सांगताना ही शेवटची चाचणी वगळू नये. आशादायक निष्कर्षही पुन्हा तपासून पाहावा लागतो, हे विद्यार्थ्यांना तिच्यातूनच उमगेल.