जामीन सरकार : तारणाविना कर्जाचा इतिहास (थ्रेड)

१/८ वर्धा जिल्ह्यातील रोहण्यात एखाद्याला तेलघाणी घालायची आहे. कसब आहे, गिऱ्हाईक आहे. नावावर जमीन नाही. बँक विचारते, तारण काय? आज ‘सरकारची हमी’ असे उत्तर देता येते. त्यामागे शतकाहून मोठा इतिहास आहे.

२/८ १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. १८७९ च्या कायद्याने दख्खनच्या ऋणकोला न्यायालयात संरक्षण दिले. नवे भांडवल कोठून यावे, हा प्रश्न तसाच राहिला.

३/८ विल्यम वेडरबर्न व न्यायमूर्ती रानडे यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची योजना पुढे आणली. रिपन यांचे सरकार अनुकूल होते. लंडनच्या भारतमंत्र्यांनी ती फेटाळली. १८८३ व १८८४ च्या कायद्यांनुसार तगाई दिली जाई, म्हणजे सरकारच धनको असे.

४/८ १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने दुसरी वाट काढली. ग्रामीण संस्थेचे सभासद अमर्याद जबाबदारीने एकमेकांचे जामीन ठरले. एक बुडाला की झळ साऱ्यांना.

५/८ १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा घाणी, हातकागद यांसारख्या उद्योगांवर काम करीत. अशा कारागिरांजवळ गहाण ठेवण्याजोगे फारसे काही नसे.

६/८ जुलै १९६० मध्ये केंद्राने लघुउद्योगांसाठी पतहमी योजना सुरू केली. कारभार रिझर्व्ह बँकेकडे होता. कर्ज बँकेचे, बुडाल्यास तोट्याचा वाटा सरकारचा. पुढे २००० मध्ये केंद्र सरकार व सिडबी यांनी ४:१ प्रमाणात निधी घालून सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी पतहमी न्यास उभारला.

७/८ येथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. हमी बँकेला मिळते, कर्जदाराला नव्हे. हप्ते थकले तर न्यास बँकेला ठरलेला हिस्सा देतो. कर्जदाराचे देणे मात्र माफ होत नाही आणि वसुली चालूच राहते. हमीचे शुल्कही बहुधा कर्जदारावरच पडते. ‘सरकारी कर्ज आहे, फेडले नाही तरी चालते’ या समजुतीपायी घाणीवाल्याची पत कायमची जाऊ शकते.

८/८ सुप्यात कर्जाचे कागद जाळले गेले. पतहमीने जमिनीची अट सैल केली, हा मोठा पालट. तरी कर्ज मंजूर करायचे की नाही, हे आजही बँकच ठरवते. म्हणून अशा योजनांचा इतिहास वाचताना घोषणेची तारीख पाहावी, आणि मग रोहण्यासारख्या गावी कोणाचा अर्ज मंजूर झाला, हेही पाहावे.