भामचंद्रावर राहणारे

वारीला माणूस जातो, पारायणाला बसतो आणि भामचंद्राच्या डोंगरावर राहतो. आमच्या खेड तालुक्यात एवढ्यावरून कोण कुठल्या वाटेवर आहे ते कळतं. जाणारा तो वारकरी. सप्त्यात बसणारा तो वाचक. त्याच मांडवात विणेकरी असतो. आपला पहारा संपला तरी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याशिवाय तो हलत नाही, कारण सात दिवस ती खाली टेकायची नसते. डोंगरावर राहणाऱ्याला मात्र आम्ही साधक म्हणतो, आणि हा शब्द जपून वापरतो. माझे वडील जन्मभर विणेकरी होते, पण त्यांनी स्वतःला कधी साधक म्हणवून घेतलं नाही. "मला घरी भाकरी तयार मिळते," एवढंच सांगायचे.

भाकरीचा मुद्दा लहान नाही. विष्णुबुवा जोगांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षं ज्ञानेश्वरी, गाथा शिकायची आणि गावात मधुकरी मागून जेवायचं, ही तिथली जुनी रीत. दुसऱ्याच्या दारात उभं राहिल्यावर अहंकार किती टिकणार? समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात बद्ध, मुमुक्षु, साधक आणि सिद्ध अशी चढण लावली आहे. साधक तिसऱ्या पायरीवर. संसाराचा कंटाळा मागं पडलेला, आणि मुक्काम अजून आलेला नाही. वडिलांना या शब्दाचा धाक वाटायचा तो यामुळंच, असं मला वाटतं.

1630 च्या दुष्काळात तुकोबांचं दुकान बसलं, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. त्यानंतर ते भामचंद्रावर आले. पंधरा दिवस तिथं राहिले, अशी परंपरा. धाकटा भाऊ कान्होबा शोधत आला, तेव्हा दोघांनी घरातल्या कर्जखतांची वाटणी केली आणि तुकोबांनी आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली. कीर्तनकार पंधरा दिवसांच्या एकांतावर तास-तास बोलतात. मला त्यानंतरचा दिवस मोठा वाटतो. डोंगरावरून उतरलेल्या माणसानं पहिलं काम काय केलं, तर लोकांचं देणं माफ केलं.

या डोंगरांना एकांताची सवय त्याहून जुनी आहे. देहूरोडजवळच्या घोरावडेश्वराला आज लोक महादेवाला जातात, पण ती बौद्ध लेणी आहेत. त्यातलं एक लेणं धेनुकाकटच्या एका शेतकऱ्याच्या बायकोनं मुलासह दान दिलं, असा ब्राह्मी लेख तिथं आहे. भिक्षूंच्या वर्षावासाची, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाची, सोय नांगर धरणाऱ्या घरानं केली होती. त्याच देहूरोडला 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्ती बसवली.

आता आळंदीजवळ मरकळला विपश्यनेचं केंद्र आहे, आणि तिथं दहा दिवस मौनात बसणाऱ्यालाही साधकच म्हणतात. एकदा शिबिर पुरं केलं की तो जुना साधक. पुढच्या वेळी त्याला पाचाऐवजी आठ शीलं पाळायची आणि दुपारनंतर जेवायचं नाही. चाकणच्या कंपन्यांतली पोरं रजा टाकून तिथं जातात. दहा दिवसांत कसला साधक, असं आमच्याकडचे म्हातारे म्हणतात. मला ते पटत नाही. तिथलं जेवण आधी बसून गेलेल्यांच्या दानातून येतं. तीही मधुकरीच.

2008 साली भामचंद्राच्या पायथ्याशी, शिंदे-वासुलीच्या शिवारात, डाऊ केमिकल्सचं संशोधन केंद्र येणार होतं. भोपाळच्या युनियन कार्बाइडला पोटात घेतलेली ही कंपनी. बंडातात्या कराडकरांच्या मागं वारकरी उभे राहिले, गावंही उठली आणि केंद्र इथं झालं नाही. मी तेव्हा पिंपरीत पाळ्या करत होतो. कारखान्यावर माझं घर चाललं, तेव्हा एमआयडीसी नको असं मी म्हणणार नाही. पण पायथ्याची जमीन मोजायला येणाऱ्यांनी वरच्या गुहांत राहणाऱ्यांनाही रहिवासी धरावं. त्यांचं नाव सातबाऱ्यावर नसतं, आणि हरकत नोंदवायला ते खाली येतीलच असं नाही; ती आम्ही गावकऱ्यांनी नोंदवायची.