चाप, लबलबी आणि एक बोट

बंदुकीच्या ज्या भागावर बोट ठेवून गोळी सोडतात त्याला मराठीत चाप म्हणतात. बोलताना कोणी घोडाही म्हणतो. उर्दूत त्यासाठी लबलबी असा नाजूक शब्द आहे. बंदुकीचा इतिहास लिहिणारे नळी किती लांब आणि गोळी किती दूर जाते, हेच सांगत बसतात. चापाकडे फारसे कोणी बघत नाही. पण माणूस आणि बंदूक यांची गाठ पडते ती तिथेच; आणि गोळी सुटल्यावर जबाबदार कोण, हा प्रश्नही तिथूनच निघतो.

अमेरिकेत हजारो हौशी माणसे घरच्या टेबलावर एआर-15 जातीच्या रायफलीचे सुटे भाग जुळवून स्वतःची बंदूक तयार करतात. त्यातला मूळ चाप पसंत पडला नाही, तर बाजारातून दुसरा आणतात. चाप, हातोडी आणि स्प्रिंग हे सारे एका छोट्या पेटीत जुळवूनच मिळते. पेटी जागेवर बसवायची, दोन खिळ्यांनी पक्की करायची, झाले. कारागिराकडे जायला नको. ही सोय एका दिवसात आली नाही. तिच्यामागे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे.

पूर्वी प्रत्येक बंदूक हे एकेका उस्तादाचे काम असे. अबुल फजलने ‘आईने-अकबरी’त बादशहाच्या खास बंदुकांचे वर्णन केले आहे. त्यांत पहिला मान ‘संग्राम’ नावाच्या बंदुकीचा. जळत्या वातीशिवाय, घोडा किंचित हलवताच उडणाऱ्या बंदुकांचाही उल्लेख तिथे येतो. पुढे टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणच्या कारखान्यांत चकमकीच्या उत्तम बंदुका होऊ लागल्या. वाघाचे तोंड कोरलेल्या त्या बंदुका आज अनेक संग्रहालयांत आहेत. पण दिल्ली असो, श्रीरंगपट्टण असो की लंडन, कारागीर कानस घासून प्रत्येक भाग त्याच बंदुकीसाठी बेतत असे. एका बंदुकीचा चाप दुसरीला बसेलच याची खात्री नसे. मोडला तर पुन्हा उस्तादाचे दार.

हे चित्र बदलायला फ्रान्समध्ये सुरुवात झाली. ऑनोरे ब्लाँ या कारागिराने साच्यांच्या मदतीने बंदुकीच्या कळीचे सगळे भाग एकसारखे घडवले. 1785 मध्ये त्याने पन्नास कळ्या सुट्या करून त्यांचे भाग खणाखणांत मांडून ठेवले. ते पाहायला अमेरिकेचे तिथले वकील थॉमस जेफरसन गेले होते. त्यांनी हाताला येईल तो भाग उचलून स्वतः काही कळ्या जुळवल्या, आणि त्या अचूक बसल्या. जेफरसन यांनी लगेच मायदेशी पत्र लिहून ही बातमी कळवली.

फ्रान्समधल्या बंदूक कारागिरांना मात्र ही रीत रुचली नाही. साचाच सारे करणार असेल तर हुन्नराला कोण विचारणार? ही भीती खोटी नव्हती. हातमागावर पोट असलेल्या आपल्या मोमीन विणकरांना ती वेगळी सांगायला नको.

अमेरिकेने ही कल्पना उचलली. एली व्हिटनीने 1798 मध्ये दहा हजार बंदुका दोन वर्षांत देण्याचा करार केला. प्रत्यक्षात काम पुरे व्हायला 1809 उजाडले. एकसारख्या भागांचा गाजावाजा त्याच्या नावावर झाला, पण पुढे त्याच्या बंदुका उघडून पाहिल्या तेव्हा त्यांचे भाग सर्रास अदलाबदल करता येत नाहीत असे आढळले. हे काम खरोखर साधले ते हार्पर्स फेरी येथे जॉन हॉलने, 1820च्या दशकात, आणि तेही रायफलीत. तीच पद्धत पुढे शिलाई मशीन, सायकल आणि मोटारीपर्यंत गेली.

एआर-15 हे त्याच परंपरेचे फळ. युजीन स्टोनर यांनी 1950च्या दशकात ही रचना केली, 1959 मध्ये ती कोल्ट कंपनीकडे गेली आणि 1964 पासून साध्या नागरिकांना मिळू लागली. 1977 मध्ये पेटंट संपले आणि अनेक कारखाने त्याच मापाचे भाग करू लागले. लष्करी नमुन्याचा चाप ओढायला साधारण अडीच ते चार किलोचा जोर लागतो. ओढताना बोट हलले की नेम हलतो. म्हणून दीड-पावणेदोन किलोत सुटणारे चाप निघाले. पूर्वी हे काम निष्णात कारागीर करी. हातोडी ज्या खाचेवर अडकते ती खाच तो हलक्या हाताने घासे. केसभर जास्त घासली गेली तर बंदूक नको तेव्हा उडण्याचा धोका. पेटीत हे सारे कारखान्यातच ठरलेले असते. पण तिचा भरवसा एकाच गोष्टीवर: बंदुकीच्या सांगाड्यातली भोके अचूक जागी हवीत. अर्धवट तयार सांगाडा घरी पुरा करणाऱ्याने ती स्वतः पाडलेली असतात. म्हणजे उस्ताद गेला, तरी हाताची परीक्षा सुटली नाही.

खरा पेच कायद्यात आहे. अमेरिकेच्या 1968च्या कायद्याने सांगाडा म्हणजे बंदूक. चाप हा नुसता सुटा भाग. घरी पुऱ्या करायच्या संचांनाही 2022 मध्ये सरकारने नियम लावले आणि 26 मार्च 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते 7 विरुद्ध 2 मतांनी कायम ठेवले. पण चापाची गोष्ट निराळी. 1934च्या कायद्याची व्याख्या अशी की, चापाच्या एका क्रियेत एकाहून अधिक गोळ्या आपोआप सुटल्या तर ती मशीनगन. सारा कायदा त्या ‘एका क्रिये’वर उभा.

1 ऑक्टोबर 2017 रोजी लास व्हेगासमध्ये एका माणसाने संगीताच्या कार्यक्रमावर गोळीबार केला. 58 माणसे मेली. मागाहून हा आकडा 60 झाला. त्याच्या बंदुकांना झटक्याबरोबर सरकणारे दस्ते होते, त्यामुळे चाप बोटावर पुन्हा पुन्हा आपटत होता. सरकारने त्यांवर बंदी घातली. जून 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली, कारण प्रत्येक गोळीला चाप वेगळा हलतो. गोळी सुटताच चापाला स्वतःच पुढे ढकलणारी पेटीही निघाली. तिच्यावरचा खटला 2025च्या मे महिन्यात सरकारने तडजोडीने मिटवला.

आपल्याकडे 1878च्या इंग्रजी कायद्याने हिंदी माणसाच्या हातातले शस्त्र काढून घेतले. स्वतंत्र भारताच्या 1959च्या कायद्याने बंदूक घडवायलाही परवाना लागतो, आणि शस्त्राचे सुटे भाग हेदेखील शस्त्रच मानले जातात. म्हणजे इथे नुसता चापही कायद्याच्या नजरेतून सुटत नाही.

ब्लाँच्या खणांतून निघालेली कल्पना मोठी होती. तिने स्वस्त वस्तू दिल्या, दुरुस्ती सोपी केली. पण बंदुकीच्या बाबतीत तिने आणखी एक गोष्ट केली. बंदूक आणि माणूस यांच्यामध्ये पूर्वी एक उस्ताद उभा असे. गिऱ्हाईक कोण, त्याला काय हवे, हे तो बघे. कधी नाहीही म्हणू शके. पेटी कोणालाच नाही म्हणत नाही. न्यायालये चाप किती वेळा हलला ते मोजत राहतील. बोट कोणाचे, हे मात्र कुठल्याही साच्यात बसत नाही.