पोत्यावरचे आकडे आले कुठून?



पशुखाद्याच्या पोत्यावर प्रथिने, स्निग्धांश, तंतू, राख, ओलावा यांचे शेकडा प्रमाण छापलेले असते. ही मोजणी आजची नाही. १८६० च्या सुमारास जर्मनीतील वेंडे येथील प्रयोगकेंद्रात हेन्नेबर्ग आणि स्टोमान या शास्त्रज्ञांनी तिची घडी बसवली. पुढे १८८३ साली डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी नत्र मोजण्याची सोपी रीत काढली. निघालेल्या नत्राला ६.२५ ने गुणले की प्रथिनांचा आकडा मिळतो.

पण आकडा सारखा म्हणजे खुराकही सारखाच का? अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात १९०७ साली १६ कालवडींचे चार गट केले. एकाला फक्त मक्याचा, दुसऱ्याला गव्हाचा, तिसऱ्याला ओटचा आणि चौथ्याला तिन्हींचा मिळून खुराक दिला. प्रयोगशाळेच्या हिशेबाने चारही खुराक तोडीस तोड. तरी मक्यावरच्या गाई तुकतुकीत राहिल्या, त्यांना धडधाकट वासरं झाली. गव्हावरच्या मात्र खंगल्या. त्यांची वासरं मेलेली जन्मली, नाहीतर लगेच दगावली. चार वर्षांच्या या प्रयोगाने एक गोष्ट पक्की झाली : नेहमीच्या तपासणीत न सापडणारंही काही चाऱ्यात असतं. पुढे जीवनसत्त्वांचा शोध लागला, तेव्हा यातलं बरंच कोडं सुटलं.

दुसरी गोम नत्रातच आहे. केल्डालची रीत नत्र मोजते. ते पेंडीतलं की युरियातलं, हे सांगत नाही. युरियात ४६ टक्के नत्र. म्हणजे १ किलो युरिया कागदावर जवळजवळ २ किलो ९०० ग्रॅम प्रथिने दाखवतो! मोठ्या जनावराच्या कोठीपोटातले जिवाणू थोडा युरिया वापरतात. पण जास्त झाला तर विषबाधा होते. लहान वासरांना आणि कोंबड्यांना तो देऊच नये. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाईन मिसळून याच रीतीला फसवलं गेलं आणि लहान मुलांचे जीव गेले.

म्हणून खाद्य घेताना एवढं करा :

१. युरिया किती घातला आहे, हे पोत्यावर पाहा, दुकानदाराला विचारा.

२. खवट वास, बुरशी किंवा गोळे असलेलं पोतं परत करा.

३. शंका आली तर नमुना तपासायला द्या. प्रथिनांबरोबर युरियाही वेगळा तपासायला सांगा.

४. नवं खाद्य हळूहळू वाढवा. दूध, शेण आणि जनावराची भूक यांवर नजर ठेवा. हिरवा चारा आणि खनिज मिश्रण बंद करू नका.