भुयारी खाणीच्या आठवणी पुरुषांच्याच का असतात?

खाण तांब्याची असो की मँगनीजची, जमिनीखाली काम केल्याचे किस्से सांगणारे बहुतेक पुरुषच असतात. याचं कारण कायद्यात आहे.

विदर्भाचंच उदाहरण घ्या. मोर्शीच्या पूर्वेला, नागपूर जिल्ह्यात गुमगाव, कांद्री, मनसर आणि भंडाऱ्यात चिखला इथे 'मॉईल' या सरकारी कंपनीच्या मँगनीजच्या भुयारी खाणी आहेत. पोलाद बनवायला हे खनिज लागतं. खाली खडकाला भोकं पाडून सुरुंग लावतात, सुटलेलं खनिज बाहेर काढतात. मग रिकाम्या जागेत पाण्याबरोबर वाळू सोडतात. पाणी निथळतं, वाळू बसते आणि त्याच वाळूवर उभं राहून वरचा थर काढतात. म्हणजे कामगार खालून वर सरकत जातो!

यात बायका कुठे? वरती, खनिज फोडायला आणि हाताने निवडायला.

ब्रिटिश काळात देशातल्या कोळसा खाणींत बायकाही खाली उतरायच्या. १९२९ च्या नियमांनी त्यांना टप्प्याटप्प्याने बाहेर काढलं. महायुद्धात मजूर कमी पडले, तेव्हा १९४३ मध्ये बंदी उठली. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये ती परत आली. (गरज होती तोवर धोका चालला!) पुढे १९५२ च्या खाण कायद्यातल्या कलम ४६ ने ही बंदी कायम ठेवली.

२०१९ मध्ये केंद्राने महिलांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत भुयारी खाणीत उतरायची मुभा दिली. पण ती तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी. खनिज निवडणाऱ्या बाईसाठी नव्हती.