पडाव

ग्वाल्हेर स्टेशनाबाहेर पाऊल ठेवलं आणि टेम्पोवाल्यांची आरोळी कानी आली, "पडाव, पडाव!" आम्ही चौघेही मित्र एकमेकांकडे पाहून हसलो. मांडवीकाठच्या माणसाला पडाव म्हणजे शिडाची होडी. इथे समुद्र कुठे नि पडाव कुठला? मग टेम्पोवाल्यानेच उलगडा केला. पडाव म्हणजे मुक्काम, प्रवासातला थांबा. स्टेशनजवळच्या या भागाचं नावच पडाव. जवळच फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी. शहराचा दुसरा मोठा भाग लष्कर, तो १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेच्या तळापासून वसलेला. थांबलेल्या माणसांवरून नावं पडलेलं गाव!

गाडीत आमची वेगळीच चर्चा चालली होती. वास्कोहून सुटणाऱ्या गोवा एक्सप्रेसमध्ये वेळ भरपूर. एका मित्राच्या डोक्यात आलं होतं की चौघांनी मिळून पणजीहून पंढरपूरपर्यंत चालत जायचं, वाटेत गावोगावी पैसे गोळा करायचे आणि गरजू मुलांच्या शिक्षणाला द्यायचे. दोघे लगेच तयार. मी मात्र गप्प होतो. का, ते पुढे सांगतो.

दानासाठी पायी चालायचं म्हटलं की मराठी माणसाला विनोबा आठवणारच. कोकणातल्या गागोद्याचा हा माणूस. १९५१ मध्ये पवनारहून चालत हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी गेले आणि तिथून तेलंगणात फिरत असताना १८ एप्रिलला पोचमपल्लीत पोचले. तिथल्या दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी जमलेल्या गावकऱ्यांपुढे ती मागणी ठेवली आणि रामचंद्र रेड्डी यांनी उभं राहून १०० एकर दिली. भूदान सुरू झालं ते असं, एका मुक्कामावर. त्याच वर्षी पंडित नेहरूंनी दिल्लीला बोलावलं, तेव्हाही विनोबा विमान-आगगाडी सोडून चालतच निघाले. वाटेत सागरला २ ऑक्टोबरला त्यांनी ५ कोटी एकरांचं लक्ष्य जाहीर केलं. पुढे तेरा वर्षं हा माणूस देशभर चालत राहिला. मे १९६० मध्ये तो भिंड-मुरैनाच्या खोऱ्यात फिरला, तेव्हा चंबळच्या वीस बागींनी त्याच्यापुढे शस्त्रं ठेवली. ग्वाल्हेरच्या अगदी शेजारची ही गोष्ट.

चाळण्याचा हा धागा तिथे तुटला नाही. १९७० च्या सुमारास सुब्बारावांनी जौऱ्याला आश्रम काढला. १९७२ मध्ये जयप्रकाशांपुढे पुन्हा बागींचं मोठं आत्मसमर्पण झालं. त्या कामात राजगोपाल नावाचा केरळचा तरुण होता. पुढे त्यांनी एकता परिषद उभी केली. २ ऑक्टोबर २००७ रोजी ग्वाल्हेरहून सुमारे २५ हजार भूमिहीन आणि आदिवासी माणसं दिल्लीकडे निघाली. तिचं नाव जनादेश. मुरैना, धौलपूर, आग्रा, मथुरा करत साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर चालून २८ ऑक्टोबरला ती दिल्लीत पोचली. २०१२ मध्ये पुन्हा ग्वाल्हेरहूनच जनसत्याग्रह निघाला. ११ ऑक्टोबरला आग्र्यात केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्याशी दहा कलमी करार झाला आणि माणसं घरी परतली.

आता गंमत बघा. विनोबा जमीन मागत चालले आणि साठ वर्षांनी त्याच मातीतून माणसं जमिनीचा कागद मागत चालली. मधल्या काळात काय झालं?

भूदानात चाळीस लाख एकरांहून जास्त जमीन मिळाली. पण वाटली गेली ती त्याहून फार कमी. काही डोंगराळ, काही नदीपात्रातली, काही वादातली. आणि कितीतरी ठिकाणी दानपत्र झालं, पण सरकारी दप्तरात नाव चढलंच नाही. माझ्यासारख्या कारकुनाला हे वाचताना अंगावर काटा येतो. कारण देणाऱ्याने दिलं, घेणाऱ्याने घेतलं, चालणारा चालून गेला आणि काम अडलं ते टेबलावर. २०१२ च्या करारातही बेघरांना घरापुरत्या जमिनीचा कायदा करायचं ठरलं होतं. मसुदा निघाला, कायदा झाला नाही.

गाडीत मी गप्प होतो त्याचं कारण हेच. काही वर्षांपूर्वी जमिनीच्या नोंदींच्या टेबलावर मी होतो. एक वयस्क गृहस्थ एक-चौदाच्या उताऱ्यावर आपलं नाव लावून घ्यायला यायचे. बस चुकली की दोन कोस चालत यायचे. म्युटेशनचा अर्ज होता, एक कागद कमी आहे असं मी दर खेपेला सांगायचो. आठ महिन्यांनी कपाट आवरताना तो कागद सापडला, दुसऱ्याच फायलीत. मीच ठेवलेला. नोंद झाली त्या दिवशी मुलगा आला. वडील गेल्या महिन्यात गेले, म्हणाला. त्याने माझे आभारही मानले! मी त्याला खरं सांगितलं नाही. आज इथे लिहितो आहे.

संध्याकाळी पडावाच्या चहाच्या टपरीवर मित्रांना हे सगळं सांगितलं. कुणी काही बोललं नाही. चालणं सोपं असतं असं मी म्हणत नाही, विनोबांचे पाय त्याला साक्ष आहेत. पण चालणाऱ्याची टाळ्यांनी कदर होते, आणि दान खरं कुणाच्या हाती पडलं हे बघायला मागे कुणी थांबत नाही. मुक्काम म्हणजे नुसती विश्रांती नव्हे, मागचा हिशेब पुरा करायची ती जागा.

शेवटी ठरलं. येत्या हिवाळ्यात चौघे निघणार, पणजी ते पंढरपूर. एकजण बॅनर करणार, एकजण गावांशी बोलणार, एकजण औषधांची पिशवी सांभाळणार. वही मी मागून घेतली. कुठल्या मुक्कामी किती मिळाले आणि ते कुठल्या मुलाच्या फीत गेले, ते पावतीसह त्यात लिहायचं. शेवटची पावती चिकटवेपर्यंत आमची यात्रा संपली असं मी मानणार नाही.