वारा डेन्मार्कचा, पाणी नॉर्वेचे

डेन्मार्कमध्ये आज वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून मिळते. याचे श्रेय सहसा उत्तर समुद्रावरच्या वाऱ्याला आणि डॅनिश अभियंत्यांना दिले जाते. पण तसाच वारा स्कॉटलंड-आयर्लंडच्या किनाऱ्यालाही लाभला होता. शिवाय तेलसंकटानंतर अमेरिकेने आणि पश्चिम जर्मनीने अजस्र पवनचक्क्यांवर कितीतरी अधिक पैसा खर्च केला होता. तरीही हा उद्योग रुजला तो पन्नास लाख वस्तीच्या, शेती-दुभत्यावर वाढलेल्या एका छोट्या देशात. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर यंत्रांच्या आधी तिथल्या सहकाराकडे पाहावे लागते.

१८६४ च्या युद्धात डेन्मार्कने श्लेस्विग आणि होल्स्टाइन हे प्रांत गमावले. त्यानंतरच्या दशकांत तिथल्या ग्रामीण समाजाला दोन संस्थांनी आधार दिला: शेतकऱ्यांच्या मुलांसाठीची लोकविद्यालये आणि सहकारी दुग्धशाळा. पहिली सहकारी दुग्धशाळा १८८२ मध्ये जटलंडमधील येडिंग गावी निघाली. त्याच जटलंडातील आस्कोव्हच्या लोकविद्यालयात पोल ला कूर हे शिक्षक होते. १८९१ मध्ये त्यांनी तिथे वीज निर्माण करणारी प्रायोगिक पवनचक्की उभारली. वारा पडला की काय करायचे, हा प्रश्न त्यांना तेव्हाच पडला होता. म्हणून त्या विजेने पाण्याचे पृथक्करण करून ते हायड्रोजन साठवत आणि त्यावर विद्यालयाचे दिवे लावत. अधूनमधून स्फोट होऊन खिडक्यांच्या काचाही फुटत. पुढे खेड्यापाड्यांतल्या तरुणांसाठी त्यांनी वीजतंत्राचे वर्ग काढले. १९०४ च्या वर्गातील योहान्नेस यूल या विद्यार्थ्यानेच १९५७ मध्ये गेसर येथे २०० किलोवॉटची, तीन पात्यांची चक्की बांधली. ती दहा वर्षे चालली आणि स्वस्त तेलाच्या काळात बंद पडली.

१९७३ च्या तेलसंकटाने हा वारसा पुन्हा वर आणला. डेन्मार्कची ऊर्जा तेव्हा जवळजवळ पूर्णपणे आयात तेलावर चालत होती. सरकार अणुवीज प्रकल्पांचा विचार करत होते आणि लोक त्याला विरोध करत होते. सुतार, लोहार, शेतीअवजारे बनवणारे कारखाने गेसरच्या धर्तीवर लहान चक्क्या बनवू लागले. १९७८ मध्ये ट्विंड येथील शाळांतील शिक्षक-विद्यार्थ्यांनी स्वयंसेवकांच्या मदतीने प्रचंड चक्की उभी केली. १९७९ पासून सरकारने खर्चाच्या ३० टक्के अनुदान दिले. मग गावोगावी शेजाऱ्यांनी एकत्र येऊन पवनचक्की-मंडळे काढली. सुरुवातीच्या नियमांनुसार चक्कीपासून ठरावीक अंतरात राहणाऱ्यांनाच सभासद होता येई, आणि समभागही घरच्या वीजवापराशी जोडलेल्या मर्यादेतच घेता येत. शतकाअखेरीस लाखाहून अधिक कुटुंबे अशी भागीदार झाली होती. २००० मध्ये कोपनहेगनसमोरच्या समुद्रात मिडलग्रुंडनच्या वीस चक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतील निम्म्या सुमारे साडेआठ हजार सभासदांच्या मालकीच्या होत्या.

गावातील सहकाराने चक्क्या उभ्या केल्या; पण ला कूर यांना पडलेला प्रश्न गावात सुटणारा नव्हता. त्याचे उत्तर शेजारी देशांत होते. स्वीडन आणि झीलंड बेट यांच्यात समुद्राखालून वीजतार १९१५ मध्येच पडली होती. १९६३ मध्ये नॉर्डिक देशांच्या वीजसंस्थांनी ‘नॉर्डेल’ ही संघटना स्थापन केली. १९७६-७७ मध्ये स्कॅगेराक सामुद्रधुनीतून डेन्मार्क-नॉर्वे जोडणाऱ्या तारा टाकल्या गेल्या. त्या वाऱ्यासाठी नव्हत्या. कोरड्या वर्षी नॉर्वेला डॅनिश कोळशाची वीज आणि एरवी डेन्मार्कला स्वस्त जलवीज, असा तो साधा व्यवहार होता. नॉर्वेची जवळपास सारी वीज पाण्याची. पुढे जटलंडात चक्क्या वाढल्या, तेव्हा याच तारा उपयोगी पडल्या. वारा जोरात असला की डॅनिश वीज उत्तरेला जाते आणि नॉर्वे आपले पाणी अडवून ठेवतो. वारा पडला की तेच पाणी टर्बाइनवर सोडले जाते. १९९६ मध्ये नॉर्वे-स्वीडनने सामाईक वीजबाजार सुरू केला आणि काही वर्षांत फिनलंड व डेन्मार्कही त्यात आले.

या व्यवस्थेत भांडणे नाहीत असे नाही. चक्क्या मोठ्या होत गेल्या, भांडवल बाहेरून येऊ लागले, तसा गावांचा विरोधही वाढला. तेव्हा २००९ पासून नव्या चक्क्यांतील किमान २० टक्के हिस्सा स्थानिकांना देऊ करण्याची सक्ती करावी लागली. २०२२ मध्ये दक्षिण नॉर्वेत विजेचे दर भडकले, तेव्हा लोकांचा राग परदेशी जाणाऱ्या तारांवर निघाला. त्याच वर्षी मे महिन्यात डेन्मार्क, जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम यांनी एस्बर्ग येथे २०५० पर्यंत १५० गिगावॉट समुद्री पवनऊर्जेचा निर्धार जाहीर केला. तारांचा लाभ कोणाला आणि भार कोणावर, हा प्रश्न त्या निर्धाराबरोबरच वाढणार आहे.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर चक्क्या फिरतात आणि खाली कोयनेचे पाणी आहे. वारा आणि जलाशय इतके शेजारी क्वचितच सापडतील. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना काढणारा हा प्रदेश आहे. तरीही पठारावरच्या चक्क्या आल्या त्या घसाऱ्याची करसवलत मिळवणाऱ्या दूरच्या गुंतवणूकदारांच्या पैशातून. ज्या शेतकऱ्यांनी उसासाठी भागभांडवल गोळा केले, त्यांना वाऱ्यासाठी कोणी सभासद करून घेतले नाही. डेन्मार्कला वारा आपल्याहून अधिक मिळाला हे खरे. पण सहकाराची परंपरा आपल्याकडेही होती, आणि ती पठारावर पोहोचली नाही.